चारशे बारा मापं आणि वरचं एक

संपादकांनी फोनवर विचारलं, "तुम्ही तिकडे जपानात नक्की करता काय?" हाच प्रश्न माझ्या सासूबाई गेली एकोणीस वर्षं विचारत आहेत. मी त्यांना दर वेळी "शिपिंगमध्ये आहे" असं सांगतो, आणि त्या शेजारणीला "जावई बोटीवर असतात" असं सांगतात. मी बोटीवर नसतो. मला साध्या लाँचमध्येही मळमळतं.

मी कोबे बंदराजवळ एका मध्यम आकाराच्या जपानी कंपनीत काम करतो. मुंबईत ज्याला क्लिअरिंग-फॉरवर्डिंग म्हणतात तेच काम, फक्त आमचा विभाग कलावस्तूंचा. चित्रं, शिल्पं, छायाचित्रं परदेशातून आणायची, कस्टम्समधून सोडवायची, दालनात पोचवायची आणि प्रदर्शन संपलं की जशीच्या तशी परत पाठवायची. विभागात आम्ही सात जण आहोत. आफ्रिकेतून येणारं काम माझ्याकडे आहे. त्याचं कारण माझं ज्ञान नव्हे. पहिल्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "तिकडच्या लोकांशी इंग्रजीत कोण बोलेल?" आणि सहा माना माझ्याकडे वळल्या, इतकंच.

त्या दिवशी मला आफ्रिकेतले पाच देशही नकाशावर दाखवता आले नसते. आज सोळा देशांतल्या कलाकारांचं सामान मी सोडवलं आहे. हा आकडा फायली मोजून लिहितो आहे, अंदाजानं नाही. ओळखीच्या लोकांना वाटतं, तिकडून मुखवटे येत असतील. सोळा देशांत मिळून मुखवटे आले दोन, आणि त्यातला एक वेल्डिंग करणाऱ्याचा होता. बाकी सगळं आजचं असतं: मोबाइलचे सुटे भाग, निवडणुकीची फाटकी पोस्टरं, ट्रकच्या मागच्या फळ्या, शहरांचे व्हिडिओ. त्या कलाकारांची भांडणंही आजची असतात. महागाई, नेते, खाणी, व्हिसा. पहिली दोन भांडणं मला डोंबिवलीपासून माहीत होती, त्यामुळे ओळख लवकर झाली.

या धंद्याचा कणा एकच: जितकं आलं तितकंच परत गेलं पाहिजे. प्रदर्शनासाठी आलेला माल देशात राहणार नसतो, म्हणून कस्टम्स तो तात्पुरता आत सोडतं. कागदावर नग लिहिलेले असतात, वजन लिहिलेलं असतं. येताना आणि जाताना दोन्ही जुळलं की फाइल बंद. मला हे काम मनापासून आवडतं. घरी चमचे मोजून ठेवणारा माणूस आहे मी. माझी मुलगी रेवा सतरा वर्षांची आहे. मी मराठीत काही विचारलं की जपानीत उत्तर देते. तिचं माझ्याबद्दलचं मत एका शब्दात आहे: "कोमाकाई." म्हणजे बारीकसारीक गोष्टींत अडकणारा. ऑफिसात हाच शब्द माझ्या कौतुकासाठी वापरतात.

सगळ्या गमती सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. एका शिल्पकारानं किन्शासाहून लोखंडी मूर्ती पाठवली, ती त्यानं स्वतःच्या हातांनी बनवलेल्या लाकडी पेटीत. पेटीवर मासे कोरलेले, नदी कोरलेली, झाकणाला लाकडाच्याच बिजागऱ्या. नव्हता फक्त एक शिक्का: लाकूड तापवून कीडमुक्त केल्याचा. तो नसला की जपानात पेटीची तपासणी होते, कीड सापडली तर धुरी द्यावी लागते. सापडली. धुरी देऊन पेटी दालनात पोचली तेव्हा तिथल्या बाईंनी मूर्ती कोपऱ्यात ठेवली आणि पेटी मधोमध. मी शिल्पकाराला घाबरत घाबरत कळवलं. त्याचं उत्तर आलं, "पुढच्या वेळी मूर्ती घरीच ठेवतो, खोकंच पाठवतो."

आणि एक सल आहे, तीही सांगतो. एका तरुण छायाचित्रकार मुलीची अठ्ठावीस छायाचित्रं मी नऊ दिवसांत आत आणली. तिचा स्वतःचा व्हिसा मात्र उद्घाटनापर्यंत आला नाही. तिची खुर्ची रिकामी राहिली. चित्रांना माझ्यासारखा माणूस असतो, कागद घेऊन धावणारा. तिला कोणी नव्हतं. मला काही करता आलं असतं का, हे मी अजूनही कधी कधी स्वतःला विचारतो.

आता ज्या प्रसंगासाठी लिहायला बसलो तो.

गेल्या वर्षी घानामधल्या कुमासी शहरातून अकोसुआ नावाच्या कलाकार बाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, उंच, हसणं मोठं. त्यांच्याकडे माणसाचं एक नाव जन्मवारावरून असतं. अकोसुआ म्हणजे रविवारी जन्मलेली. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा वार विचारला. जपानी माणसाला हे चटकन सांगता येत नाही. मला आलं, कारण पत्रिका.

"गुरुवार," मी म्हणालो.

"मग तुम्ही याव," त्या म्हणाल्या. आमच्या उभारणी पथकाचे प्रमुख ओकादा-सान शेजारी उभे होते. पेंढारकर हे आडनाव एकोणीस वर्षं त्यांच्या जिभेवर अडखळत होतं. ते म्हणाले, "याव-सान! हे सोपं आहे." तेव्हापासून पथकात मी याव-सान आहे.

अकोसुआबाईंची कलाकृती म्हणजे बाजारातली मापं. तिकडे तांदूळ, मका, शेंगदाणे अजून पत्र्याच्या गोल डब्यानं मोजून विकतात. सरकार वजनकाटे आणा म्हणतं, बाजार डबा सोडत नाही. चलाख विक्रेती डब्याचा तळ हातोडीनं आत ठोकते, म्हणजे माल कमी मावतो. गिऱ्हाइकाला ते माहीत असतं. म्हणून ते शीग लावून घेतं, आणि शीग लावल्यावरही "तोसो" मागतं. तोसो म्हणजे वर घातलेली मूठ. ती दिल्याशिवाय सौदा पुरा होत नाही. बाईंनी वेगवेगळ्या बाजारांतून वापरलेले डबे गोळा केले होते, प्रत्येकाचा तळ वेगळ्या तऱ्हेनं ठोकलेला. ते दालनाच्या जमिनीवर ओळींनी मांडायचे. त्या तळांत त्या देशाची महागाई वाचता येते, असं त्या म्हणत. मी जमाखर्चाच्या घरातला माणूस. मला ते लगेच पटलं.

पॅकिंग लिस्टवर होतं: चार पेट्या, प्रत्येकी एकशे तीन डबे, एकूण चारशे बारा. निव्वळ वजन १२८.१ किलो. डबे घासून धुऊन पाठवा, दाणा अडकलेला चालणार नाही, हे मी आधीच कळवलं होतं. माल सुटला, परवाना मिळाला. मंगळवारी दालनात पेट्या उघडल्या. उद्घाटन शनिवारी.

ओकादा-सान मोजतात ते पाहण्यासारखं असतं. पांढरे हातमोजे, ताठ हात, प्रत्येक नगाकडे बोट दाखवून मोठ्यानं आकडा आणि शेवटी "योशी!", म्हणजे ठीक. तीन पेट्या ठीक झाल्या. चौथीला ते थांबले.

"याव-सान, एकशे चार."

मी मोजले. एकशे चार. आणखी एकदा मोजले. एकशे चार.

चारशे तेरावा डबा जुना, जाड पत्र्याचा, जुन्या गुलाबी कापडात गुंडाळलेला होता. जास्तीचा नग म्हणजे जाहीर न केलेला माल. नियमाप्रमाणे मी त्याला "जादा" असं लाल लेबल बांधलं आणि सामानाच्या जाळीच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. बाई तेव्हा जेवायला गेल्या होत्या. त्यांना विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

त्या परतल्या, चार पेट्यांत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "माझं तोसो कुठे आहे?"

"एक डबा जास्त आला होता," मी म्हणालो. "यादीत चारशे बारा आहेत."

"बरोबर. चारशे बाराच आहेत."

"मॅडम, चारशे तेरा आहेत. आम्ही तीनदा मोजले."

"तो मोजायचा नसतो, मिस्टर याव. मोजलं तर ते तोसो कसलं?"

मी त्यांना जाळीपलीकडचा डबा दाखवला. लाल लेबल पाहून त्यांचं हसणं गेलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि शांतपणे बोलल्या. त्या लहान असताना त्यांच्याकडे लष्कराची राजवट होती. महागाई बाजारातल्या बायकांमुळे आहे, त्या माल लपवतात, असं ठरवून सैनिक बाजारात घुसले. त्यांच्या आईच्या गाळ्यावर एकानं वही काढली, डबे मोजले, आकडा लिहिला आणि मोजलेले सगळे डबे ट्रकमध्ये टाकून नेले. हा एक आईच्या मांडीवर होता. वरची मूठ घालायचा. त्याच्यानं काही विकलं जात नव्हतं, म्हणून सैनिकानं तो मोजला नाही.

"मोजले ते गेले," त्या म्हणाल्या. "हा राहिला. दुसऱ्या दिवशी आईनं याच्यावर धंदा सुरू केला. म्हणून मी हा कुठल्याच यादीत लिहीत नाही. अकरा वेळा कलाकृती देशाबाहेर गेली, कुणी विचारलं नाही. तुम्ही पहिले."

मला ओशाळल्यासारखं झालं, पण खोटं लिहीत नाही. थोडा अभिमानही वाटला. अकरा जणांनी मोजलं नव्हतं तर!

पण पुढे काय? कळवलं नाही तर तो जाहीर न केलेला माल, आणि हे मला माहीत असताना मी गप्प बसणार. कळवलं तर कस्टम्स डबा अडवून ठेवू शकतं. म्हणजे गणवेशातला माणूस, हातात यादी, आणि डबा जप्त. मीच तो दिवस त्या बाईंना पुन्हा दाखवणार.

घरी जेवताना मी हे बायकोला, शुभांगीला सांगितलं. ती इथल्या पाळणाघरात काम करते. दिवसभर तीन वर्षांच्या मुलांशी बोलत असल्यामुळे तिला मुद्दा सोपा करायची सवय आहे.

"अहो, डोंबिवलीला दूधवाला लिटर मोजून झालं की वर एक धार ओतायचा. ती तुम्ही वहीत लिहायचात का?"

"नाही. पण नसती ओतली तर विचारलं असतं."

"झालं तर मग. मोजायची नसते, पण असते. तेवढंच त्या साहेबांना सांगा."

"कस्टम्सला धार सांगू?"

रेवा फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "ओमाके." म्हणजे दुकानदार वर देतो ती भेट. तेवढं बोलून तिनं पुन्हा मान खाली घातली.

पण मी आकड्यांचा माणूस. धारेवर भरवसा ठेवून कार्यालयात जाणारा नाही. बुधवारी सकाळी ओकादा-सानना घेऊन मी वजनकाटा मागवला आणि पेटी पेटी करून सगळे डबे तोलले. चारशे बारा डबे: १२७.७ किलो. मग जाळीच्या खोलीतून तो डबा काढला, लेबल सोडलं आणि ठेवला. ४०० ग्रॅम. एकूण १२८.१.

ओकादा-साननी काट्याकडे बोट दाखवलं. "योशी!"

संख्या बाईंनी सांगितलेली होती, वजन कुमासीच्या काट्यानं केलेलं होतं. म्हणजे डबा पहिल्यापासून कागदात होता. लपवलेला नव्हता. फक्त मोजलेला नव्हता. एका ओळीत दोन्ही खरं होतं, आणि मी परवाना मिळवताना दोन्ही आकडे तपासले होते, पण वेगवेगळे.

दुपारी मी आणि अकोसुआबाई कस्टम्सच्या कार्यालयात गेलो. ट्रेनमध्ये बाईंनी डबा मांडीवर धरला होता. मी म्हणालो, "मी धरू का?" त्या म्हणाल्या, "नको. तुम्ही लेबल लावाल." गंमत होती, पण पुरती नव्हती.

काउंटरवर निशिमुरा-सान होते. साठीला आलेले, निळा गणवेश, चेहऱ्यावर काही दिसू न देणारे. माझी त्यांच्याशी दहा वर्षांची ओळख, पण त्यांना हसताना मी एकदाच पाहिलं होतं, तेही फोनवर बोलताना. मी सगळं सांगितलं: संख्या, वजन, तोसो, आणि सैनिकांचंही. धार सांगितली नाही. ओमाके म्हणालो.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "वस्तू पाहू द्या."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी डबा काउंटरवर ठेवला, पण हात काढला नाही. निशिमुरा-सान थांबले. त्यांनी खणातून पांढरे हातमोजे काढले, एकेक बोट नीट बसवत घातले आणि वाट पाहत राहिले. शेवटी बाईंनी हात काढला. निशिमुरा-साननी दोन्ही हातांनी डबा उचलला, फिरवला, उलटा केला.

"याचा तळ ठोकलेला नाही," ते म्हणाले.

मी भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, "वरची मूठ कोण कमी करेल?"

मी तेही भाषांतर केलं. निशिमुरा-साननी सपाट तळावरून एकदा बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या आईचं नागाता भागात तोफूचं दुकान होतं." डबा त्यांनी परत दिला, दोन्ही हातांनी, किंचित झुकून. आणि माझ्याकडे नाही, बाईंकडे.

मग ते पुन्हा अधिकारी झाले. "पेंढारकर-सान, वजन बरोबर जाहीर केलं आहे. माल तोच आहे. नगसंख्येचं वर्णन चुकलं. दुरुस्ती अर्ज द्या. संख्येच्या रकान्यात 'इश्शिकी' लिहा."

इश्शिकी हा जपानी कागदपत्रांतला माझा आवडता शब्द नव्हे. त्याचा अर्थ 'सगळा मिळून एक संच'. आत किती, ते उघडून सांगायचं नसलं की लोक तो लिहितात. एकोणीस वर्षं मी तो हाताखालच्या लोकांच्या कागदांत लाल पेनानं खोडत आलो होतो. त्या दिवशी स्वतःच्या हातानं लिहिला: एक संच, १२८.१ किलो. बाईंना विचारलं, "हे चालेल? यात तो आहे, पण मोजलेला नाही."

त्यांनी वाचल्यासारखं केलं. "याव, तुम्ही बाजारात बसायला हवं होतं." मिस्टर गळलं होतं.

"आणि शिमात्सुशो द्या," निशिमुरा-सान म्हणाले. शिमात्सुशो म्हणजे चूक कशी झाली आणि पुन्हा कशी होणार नाही याचं लेखी निवेदन. माझ्या नोकरीतलं ते पहिलं आणि आतापर्यंत एकमेव. कारणाच्या जागी मी लिहिलं, "मी वस्तू मोजल्या, ज्यांच्या होत्या त्यांना विचारलं नाही." आमच्या विभागाच्या साहेबांनी सही करताना भुवया वर केल्या. त्याची प्रत मी घरच्या फाइलमध्ये लावली आहे, रेवाच्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या मागे. तिचं म्हणणं, ती पुढे लावावी.

शनिवारी उद्घाटन झालं. जमिनीवर ओळींनी चारशे बारा डबे, आणि तो एक बाईंनी दारापाशी, राखणदार बाईंच्या स्टुलाशेजारी ठेवला. भिंतीवरच्या पाटीवर चारशे बारा असंच लिहिलं होतं. अकोसुआबाईंनी दुरुस्त करू दिलं नाही, आणि पाटी कस्टम्सच्या अखत्यारीत येत नाही, हे मी तपासून घेतलं होतं. शाळेची मुलं यायची, तळ बघायची, कोण जास्त लबाड याच्यावर वाद घालायची. राखणदार बाई त्या डब्यात चष्मा ठेवू लागल्या. अकोसुआबाई म्हणाल्या, "ठेवू द्या. आईसुद्धा ठेवायची."

शेवटच्या दिवशी दुपारी मी परतीच्या तयारीसाठी दालनात होतो. एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी ओळीओळीतून फिरत होते. गृहस्थांनी मासेमारीची टोपी घातली होती, म्हणून आधी ओळखलं नाही. निशिमुरा-सान होते, सुट्टीवर. हात पाठीमागे बांधलेले, पण ओठ हलत होते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते मोजत गेले. वेळ लागला, त्यांच्या पत्नी बाकावर जाऊन बसल्या. मग ते दारापाशी आले. स्टुलाशेजारच्या डब्यासमोर थांबले, आत पाहिलं. चष्मा होता. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"पेंढारकर-सान," ते म्हणाले, "चारशे बारा. मी मोजले."

त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. माझ्या जिभेवर आकडा आला होता. एकोणीस वर्षांची सवय आहे, तो येणारच.

"योशी," मी म्हणालो.